न आलेले बुडबुडे
फरशी धुण्याच्या ॲसिडचा उग्र वास आला की निजामाच्या काळातली जालन्याची आमची शाळा आठवते. तेव्हा ॲसिडला आम्ही तेजाब म्हणायचो. प्रयोगाच्या तासाला शेजारच्या मुलाच्या काचेच्या नळीत पातळ तेजाबात जस्त फसफसत होतं. माझ्या नळीतला तांब्याचा तुकडा मात्र ढिम्म. "मास्तर, बुडबुडे येऊनच न्हाई राह्यले." मास्तर म्हणाले, "किताबात लिहिलंय ना, धातू तेजाबात पडला की गॅस निघतो!" मी नळी हलवली, तापवली, डोळे चुरचुरले, पण बुडबुडा एकही नाही. मास्तर वैतागले, "बुडबुडे आले म्हणून लिही जल्दी. न्हाई तर इम्तिहानला बसायचं न्हाई." रडकुंडीला येऊन मी वहीत तसंच लिहिलं. तांब्यावर तसल्या पातळ तेजाबाचा परिणामच होत नाही, हे पुढे कॉलेजात कळलं. मास्तरांना मी केव्हाच माफ केलं. ते खोटं वाक्य माझ्या अक्षरात आहे, याचा राग अजून जात नाही.