त्याचा पुणेकर

"बाई, याले सालपट हाय ना?"

खायला काहीही पुढे केलं की आमचा संत्रीवाला आधी हेच विचारायचा.

पोरांनो, डोक्यात आवाज येणारी माणसं खरंच असतात का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. असतात. अमरावतीत आमच्या गल्लीत हा हातगाडी घेऊन यायचा. वरूडची संत्री, केळी, भाजलेल्या शेंगा. स्वतः पक्का वऱ्हाडी, पण त्याला ऐकू येणारा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा शुद्ध बोलायचा, "आपण जेवू नये. अन्नात विष आहे."

तो विधवा बहिणीकडे राहायचा. एकदा तिचं वरण कडू लागलं आणि त्यानं एका घासात निकाल लावला: हिनं जहर घातलं. तेव्हापासून तो फक्त सोलून खायचं तेच खाई. सदरा खांद्यावरून घसरू लागला. बहीण ताट घेऊन त्याच्यामागे माझ्या फाटकापर्यंत यायची. रडायची आणि भांडायचीसुद्धा.

त्या वर्षांत शेतकऱ्यांसाठी मनाच्या डॉक्टरांची शिबिरं भरत. मी दोघांना एका शिबिरात घेऊन गेले.

"माह्याजवळ वावर नाई जी," तो आत शिरताच म्हणाला, "पण डोक्यात गडबड हाय. चालते का?"

"चालतं," डॉक्टरीणबाई हसल्या.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि समजावलंही. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो. मेंदू त्या बोलण्यावर 'हे माझंच' असा शिक्का मारतो. कुणाचा शिक्का मारायचा राहिला, की आपलंच बोलणं परक्याचं वाटू लागतं. या आजाराचं हे एवढंच कारण नाही, असंही त्या म्हणाल्या.

"माहाच आवाज? मंग पुणेकरावानी काहून बोलून राहिला? मी जन्मात कधी 'नये' म्हटलं नाई."

डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "नीट ऐकत राहा. आणि वरण कडू लागायला विषाखेरीज दुसरं काय कारण असेल?"

आम्ही तिघांनी बहिणीकडे पाहिलं. ती ताठ झाली. "माही फोडणी कधीच जळत नाई."

विषाचा आळ एक वेळ चालेल, जळक्या फोडणीचा नाही! बाहेर आल्यावर मात्र माझ्या कानाशी आली. "मेथीदाणे जळले होते, बाई. त्याले नोका सांगू."

"तूच सांग," मी म्हटलं. सांगितलं तिनं, तोंड फिरवून. त्यानं ऐकून घेतलं आणि केळं सोललं.

बऱ्याच दिवसांनी, माझ्यासाठी संत्री तोलता तोलता तो एकदम थबकला आणि मोठ्यानं हसला.

"सापडला, बाई!"

"कोण रे?"

"थो पुणेकर! आता म्हणे, 'तुले सांगतलं ना, खाऊ नोको!' 'तुले' म्हणे! हा तं आमच्या घरचाच निघाला!"

गाडी तशीच टाकून तो जेवायला पळाला. मी गाडी राखत बसले. दोन संत्री सोलून खाल्ली.

आवाज काही पुरता गेला नाही. पण आता आमचा संत्रीवाला ताटावर हात आडवा धरून त्याला दटावायचा, "तू थांब बे, पयले मी." बहीण विचारायची, "त्याले वाढू का अर्धी भाकर?"

पुढे दोघं अकोल्याला गेली. तिथंच मागच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. मी भेटायला गेले, तर बहिणीनं आग्रहानं वरण-भाकर वाढली. वरण जरा कडूच होतं. मी मुकाट्यानं खाल्लं.

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "घर लय सुनं झालं, बाई. एकदम दोघं गेले."