तीन नंबरच्या यंत्राचा स्क्रू

टेप अडली, की साहेब रिळाचं टोक चिमटीत धरत, खिडकीच्या उजेडात बघत आणि निकाल देत, "माल हलका आहे!" यंत्राला दोष द्यायची त्यांची छाती नव्हती, कारण यंत्र परदेशी होतं. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

सत्तरच्या दशकात कलकत्त्याला, गार्डन रीचमधल्या एका कचेरीच्या संगणक विभागात मी होतो. कुठली टेप कुठल्या यंत्रावर किती चुकली, हे रजिस्टरमध्ये लिहायचं माझं काम. एक टेप चारही यंत्रांवर अडली, तर टेप खराब. एकाच यंत्रावर सगळ्या टेपा अडल्या, तर त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, सरकलेलं. शाळकरी पोरालाही कळेल. साहेब मात्र न वाचता सही ठोकत. सही झोकदार होती.

तीन नंबरचं यंत्र कुरकुरू लागलं, तेव्हा इंजिनिअरला बोलवायचं सोडून साहेबांनी स्वतःच हेडचा स्क्रू पिळला. त्या दिवशी त्याच यंत्रावर लिहिलेली टेप त्याने निमूट वाचली. "बघा, गोखले! हाताला गुण असावा लागतो." वाकडं हेड स्वतःचं वाकडं लिखाण वाचणारच! इतर यंत्रांवरच्या टेपा तिथे चालेनात. त्यांचा माल हलका ठरला.

आठ महिन्यांनी तपासणीला आलेल्या इंजिनिअरने हेड सरळ केलं. त्याबरोबर तीन नंबरवर लिहिलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवा-नोंदी कुठल्याच यंत्राला वाचता येईनात.

साहेबांनी वर कळवलं, टेपा दमट जागी ठेवल्याने बाद झाल्या. आरोपपत्र आलं ते टेपांची खोली सांभाळणाऱ्या मंडलबाबूंना. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला हा माणूस कपाटं रोज कोरड्या फडक्याने पुसायचा.

मी रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेलो. "स्क्रू पुन्हा तसाच पिळला तर टेपा वाचता येतील, साहेब. मंडलबाबू सुटतील."

"आणि मी अडकेन." मग आवाज मऊ झाला. "अहो गोखले, आपण मराठी माणसं इथे किती? एकमेकांना धरून राहायला नको? तुमचा गोपनीय अहवाल मीच लिहितो, पण कधी बोलून दाखवलंय?"

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. श्रीखंड होतं. मी दोनदा घेतलं.

चौकशीत मी म्हणालो, "इथली हवा दमटच." मंडलबाबूंना खालच्या जागेवर, आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. साहेब बढतीवर दिल्लीला निघाले.

हावड्याला पोचवायला आम्ही दोघंच होतो. मंडलबाबूंनी हार आणला होता. साहेबांनी तो घेतला आणि वर उपदेश केला, "मंडल, चीज़ें सूखी जगह रखा करो." लाज नावाची गोष्ट त्या माणसाला कधी शिवलीच नाही.

गाडी गेली. मंडलबाबूंनी डोळे पुसले. "साहब चाहते तो नौकरी ही चली जाती, दादा. बचा लिया हमको."

साहेबांना मी आजवर शिव्या घालत आलो. फलाटावर मात्र मी म्हणालो, "हाँ, मंडलबाबू. भले आदमी थे."