लुटून आणलेला लोहार

लोखंड काळं झालं म्हणजे गार झालं, अशी पन्नाशीपर्यंत माझी समजूत होती. ती अक्कलकोट रस्त्याला, एका कडुनिंबाखाली, उजव्या हाताच्या तीन बोटांच्या मोबदल्यात दुरुस्त झाली. आमच्या विळीचं वाकलेलं पातं लोहाराने तापवून, ठोकून सरळ केलं आणि दगडावर ठेवलं. दिसायला काळंकुट्ट, अगदी शांत. मी "वा, झालं की!" म्हणत ते उचललं आणि उचललं त्याच्या दुप्पट वेगाने टाकलं.

लोहाराची बायको घण टेकून उभी होती. ती आधी हसली, मग म्हणाली, "तांबड्या लोखंडाला कुनी बी भितंय, भाऊ. काळ्याला भ्यायचं असतंय. घाला बोटं पान्यात."

ऐरणीजवळ पाण्याचा डबा होता. त्यात बोटं बुडवून मी बसलो. पात्याला अजून पाणी द्यायचं, म्हणजे पुन्हा तापवून पाण्यात बुडवायचं, राहिलं होतं, आणि भट्टीत एक कुऱ्हाड आधीच लाल होऊन बसली होती, त्यामुळे आमचा नंबर मागे पडला. माझी मुलगी स्कूटरवरून उतरली, बोटांकडे बघून म्हणाली, "बाबा, आणि तुम्ही मला लोखंडाची गोष्ट सांगता!"

ह्या टोमण्याला सहा वर्षांचा इतिहास आहे.

ती दुसरीत होती तेव्हापासून मी तिला समुद्री लुटारूंची गोष्ट सांगत आलो. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, त्यातही एकदा ओहोटी होती. तरी गोष्ट बरी चालली होती. वाळूचं एक बेट, नारळाची झाडं, लांबट नावा आणि किनाऱ्यावरच्या गावांवर धाडी. कुणालाच नाव नव्हतं, कारण दिलेलं नाव पुढच्या रविवारी मला आठवत नसे आणि तिला आठवत असे. तलवारी मात्र लुटारूंकडे पहिल्या दिवसापासून होत्या आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आता ती अकलूजच्या शाळेत, वसतिगृहात राहायला चालली होती. सोमवारी निघायचं होतं. त्या उन्हाळ्यात ती गोष्ट मोबाइल बघत ऐकायची. म्हणजे ऐकायची की नाही हे मला कळत नसे, आणि विचारायची हिंमत होत नसे. जायला चार दिवस राहिले असताना तिने अचानक मान वर केली.

"बाबा, वाळूच्या बेटावर लोखंड कुठून आलं?"

"आकाशातून एक तारा पडला."

"एका ताऱ्यात किती तलवारी होतील?"

"मग उरलेलं विकत घेतलं."

"लुटारू विकत घेतात?"

मी घाईघाईने एका किनाऱ्यावरून लोहारच उचलून आणवला. ऐरण, भाता, लोखंड, कोळसा, सगळं नावेत घातलं. "आणि दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो, "धडाधड तलवारी!"

"हं," ती म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये गेली.

हे 'हं' माझ्या ओळखीचं आहे. माझा रजेचा अर्ज वाचून साहेब असंच म्हणतात. आता सोमवारपर्यंत लोखंडाचं काही जमलं नाही, तर लुटारू कायमचे बेटावर बसणार आणि मुलगी गोष्ट अर्धी टाकून जाणार, आणि अर्धी टाकल्याचं तिला वाईटही वाटणार नाही. शनिवारभर मी मोबाइलवर भट्ट्यांचे व्हिडिओ बघितले. शेवटी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तलवारी होतील तेव्हा होतील. माझ्या विळीवर टोमॅटोसुद्धा चिरत नाही, चेंगरतो. दोन महिने सांगतेय मी."

म्हणून रविवारी सकाळी पातं पिशवीत घालून, मुलीला जवळजवळ ओढून, मी त्या कडुनिंबाखाली आलो होतो.

कुऱ्हाड भट्टीतून निघाली. लोहार बसलेला, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहानशी हातोडी. बायको समोर उभी. हातोडी जिथे टक् करून पडे, तिथेच तिचा घण धाडकन पडे. टक्, धाड. टक्, धाड. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती. मध्येच त्याने हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजवली, आणि वर गेलेला घण वरच थांबला.

मला गप्प बसवेना. "एवढा जड घण तुम्हीच का नाही मारत?" मी लोहाराला विचारलं.

"एक हात सांडशीला, एक हातोडीला," तो म्हणाला. "घन काय दातात धरू, साहेब?"

"मग एखादा गडी?"

"ठेवला व्हता की," त्याची बायको म्हणाली. "मी म्हायेरी गेलते, दुदनीला. पंदरा दिस. गड्यानं पयल्याच दिवशी ह्यांच्या अंगठ्यावर घन घातला. मग काय, भट्टीवर नुसता चा करून पीत बसले."

"चा बी करपत व्हता," लोहार म्हणाला.

मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मोबाइल स्कूटरच्या डिकीत होता. तो तिथे कधी गेला हे मला कळलं नाही.

"बाबा, तुमच्या लोहाराची बायको कुठंय?"

"कुठल्या लोहाराची?"

"लुटून आणलेल्या! ती किनाऱ्यावरच राहिली की."

मी डब्यातून बोटं बाहेर काढली. खरंच राहिली होती. लुटारूंनी ऐरण नेली, भाता नेला, कोळसासुद्धा नेला, आणि घण मारणारी विसरले. शेवटी लुटारू माझेच.

त्या संध्याकाळी गोष्ट मुलीने सांगितली आणि मी ऐकली, स्वयंपाकघरातून बायकोनेही. लोहार दोन वर्षं बेटावर बसून राहिला. लुटारूंना वाटलं, माणूस हट्टी आहे. त्यांनी त्याला उपाशी ठेवलं, मग मासे खाऊ घातले. त्यांची भाषा त्याला येईना, म्हणून तो रोज हातांनी दाखवायचा: हा एक हात, हा दुसरा, आणि मग दोन्ही मुठी डोक्यावरून खाली. लुटारूंना ती त्याच्या देवाची पूजा वाटली. धाडीला निघताना तेही तसंच करू लागले.

"कळलं कुणाला मग?" मी विचारलं.

"एका म्हातारीला. ती शीड शिवायची. शिडालाही दोघं लागतात, एक ताणून धरायला, एक शिवायला."

मग लुटारू त्याच किनाऱ्यावर परत गेले. पहिल्यांदाच दिवसाढवळ्या, पहिल्यांदाच मागायला. लोहाराची बायको घण खांद्यावर टाकून वाळूत उभी होती, आणि बराच वेळ नावेतून खाली उतरायची कुणाची छाती होईना. तिची अट एकच, तीही हातांनी दाखवलेली: माझ्या गावाकडे परत धाड यायची नाही. ते कबूल झाल्यावरच ती नावेत चढली आणि बेटावर पहिली टक्-धाड वाजली.

बॅग भरायची तशीच राहिली होती. ती आम्ही सोमवारी सकाळी धावपळ करून भरली, आणि दुपारी मुलीला अकलूजला सोडून आम्ही दोघं संध्याकाळी घरी परतलो.

मी पट्टी बांधलेली बोटं घेऊन खुर्चीत बसलो. बायकोने विळी मांडली, टोमॅटो चिरायला घेतला. तो न चेंगरता चिरला गेला. तिने पात्यावरून अंगठा हलकेच फिरवून पाहिला.

"दोन महिने सांगत होते मी विळीचं," ती म्हणाली. "तेव्हाच गेला असता, तर त्या लोहाराच्या बिचाऱ्या बायकोला दोन वर्षं नवऱ्यावाचून काढावी लागली नसती."