उजव्या पायासाठी यंत्र

आमच्या सूनबाईंना घरात व्यायामाचं यंत्र घ्यायचंय. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये धड कपडे वाळत घालायला जागा नाही, पण गेला आठवडाभर ती मोबाईलवर यंत्रं बघतेय. कुठलं पाय मागे ढकलायचं, कुठलं उताणं झोपून कंबर उचलायचं. काल मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाली, "आई, ग्लूट्ससाठी यातलं कुठलं बरं? तुम्ही नर्स होता, तुम्हाला कळेल." ग्लूट्स म्हणजे कुल्ल्याचे स्नायू, तेवढं मला कळतं. मी चष्मा लावून बघितलं. एका चित्रात एक मुलगी खांबाला धरून उभी होती. तिच्या घोट्याला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी चाकावरून गेलेली आणि पलीकडे वजनं. मी म्हटलं, "हे घे. हे मी वापरलंय." तिला वाटलं, सासूबाई चेष्टा करतायत. मला चेष्टेची सवय आहे हे खरं, पण तेव्हा मी करत नव्हते.

कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला माझ्या वडलांची शेती होती. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी अठरा वर्षांची होते. अकरावी पास झाले होते आणि नगरच्या एका दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती. आमच्या भावकीत तोवर कुठली मुलगी शिकायला घराबाहेर राहिली नव्हती. मला तर रोज रात्री पांढरा गणवेश दिसायचा. आणि ऐन शिमग्यात मी कडब्याच्या गंजीवरून खाली आले. गंजीवर चढायचं काही कारण नव्हतं. आईनं दोनदा हटकलं होतं, म्हणून मुद्दाम चढले होते.

उजव्या खुब्याजवळ हाड मोडलं. तीन महिने प्लास्टर. ते काढलं तेव्हा पाय काठीसारखा निघाला, आणि चालायला लागले तर दर पावलाला उजवीकडे कलंडायची. दवाखान्यातल्या मेट्रनबाई कडक होत्या पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पुढच्या बॅचपर्यंत तुझी जागा ठेवते. दिवाळी झाली की ये. दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालून दाखव. जमलं तर राहा, नाही तर घरी जा." तेव्हा श्रावण लागायचा होता.

तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांनी मला तपासलं. मी पडद्यामागे साडी नीट करत होते आणि ते बाहेर दादांशी बोलत होते. हाड उत्तम जुळलंय, लंगडते ती मागच्या स्नायूमुळे, कुल्ल्याचा स्नायू वाळलाय, त्याला रोज काम दिलं पाहिजे, एवढं मला ऐकू आलं. मग आवाज बारीक झाला. बाहेर आले तेव्हा दादांच्या हातात एक कागद होता आणि त्यावर डॉक्टरांनी एका यंत्राचं चित्र काढलं होतं. दादांचा चेहरा लाल झाला होता. मुलीच्या त्या भागाबद्दल परका माणूस बोलला, याचा तो संकोच होता. त्यानंतर जन्मभर त्यांनी त्या जागेला 'बैठक' हाच शब्द वापरला. "पोरीची बैठक कमजोर झालीय," असं ते सांगायचे. आई मात्र सरळ ढुंगण म्हणायची. तिला कशाचीच लाज नव्हती.

त्याच दिवशी आम्ही नगरच्या बाजारात यंत्र बघायला गेलो. तालमींना मुदगल आणि लष्करी छावणीतलं मोडीत निघालेलं सामान विकणारं एक दुकान होतं. दादा यंत्रं बघायला लागले ते बैलबाजारात बैल बघावा तसे. आधी लांबून एक फेरी मारली, मग पाठीवर थाप, मग खाली वाकून पाय बघितले. दुकानदारानं एक सायकल दाखवली, बिनचाकाची. दादा धोतर खोचून तिच्यावर बसले आणि चांगली पाच मिनिटं पायडल मारली. घाम पुसत म्हणाले, "एवढं मारलं अन् हाय तिथंच?" दुसरं यंत्र होडी वल्हवायचं होतं. त्याच्यावर मला बसवलं, तर गुडघे पोटात आले. तिसऱ्याला नुसत्या स्प्रिंगा होत्या. प्रत्येक यंत्रापुढे दादा डॉक्टरांचा कागद धरायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "पाय मागं जातो का?" दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "मागे जाणारं यंत्र पुण्या-मुंबईकडं बघा." मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. दादांनी मला रडू दिलं आणि तोवर उसाचा रस घेऊन आले.

परतीच्या एस.टी.त ते कागद उलटासुलटा करून बघत होते. राहुरी मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "बाई, ही तर मोट हाय."

आमच्या विहिरीवर आदल्याच वर्षी विजेची मोटर बसली होती. त्याआधी दादांनी वीस वर्षं मोट हाकली होती. चामड्याची मोट, तिला बांधलेला नाडा म्हणजे जाड दोर, तो चाकावरून गेलेला, आणि पलीकडे ओढणारी बैलजोडी. आमच्या जोडीतला एक बैल पायानं अधू होता. दादा जू बांधताना त्याच्या बाजूला ते लांब ठेवायचे, म्हणजे ओझं तगड्या बैलावर जायचं आणि अधू बैल नुसता सोबतीला चालायचा. शेजारचे म्हणायचे, विकून टाका त्याला. दादा म्हणायचे, "त्याचं बी घर हेच हाय." मोटर आल्यापासून चाक आणि नाडा गोठ्यात पडून होते, आणि दादा संध्याकाळी विहिरीवर जाऊन उगाच उभे राहायचे.

आईला हे सगळं खूळ वाटलं. तिचं मत असं की पायाचं शिलाई मशीन घ्यावं. "पायाला व्यायाम व्हईल, अन् चार पोलकी बी शिवून व्हतील. नर्स न्हाई झाली तर तेवढंच." ते शेवटचं वाक्य मला इतकं झोंबलं की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

दादांनी गोठ्याच्या तुळईला चाक टांगलं, त्याला नवं वंगण दिलं. नाडा जाड होता म्हणून त्याचे पीळ सोडून बारीक दोर वळला. एका टोकाला वजन म्हणून नांगराचे जुने फाळ बांधले, दर आठवड्याला एक वाढवायचा. दुसऱ्या टोकाला माझ्या घोट्यासाठी पट्टा हवा होता. दादांनी अधू बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा काढला आणि आतून गोधडीचा तुकडा शिवला. घुंगरं तशीच ठेवली. मुलगी असा पाय मागे टाकत असताना बापानं समोर थांबायचं कसं? म्हणून ते गोठ्याबाहेर, पाठ करून बसायचे आणि घुंगरांवरून मोजायचे. शंभर झाले की खाकरायचे.

पहिल्या दिवशी पट्टा त्यांनीच बांधला, डाव्या पायाला. मी म्हटलं, "दादा, हा पाय तर बरा आहे."

"म्हनूनच," ते म्हणाले.

मी पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. उजवा पाय ठणकायचा, त्याला कोणी हात लावू नये असंच मला वाटायचं. वाटलं, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल. मी उजव्यावर कशीबशी उभी राहायची, दोन्ही हातांनी गोठ्याचा खांब धरायची आणि डावा पाय मागे टाकायची. चाक कुरकुरायचं, फाळ वर जायचे, घुंगरं वाजायची. बैल माना वळवून बघायचे. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनीही बघणं सोडलं. ते दिवस आज आठवले की गोठ्याचा वास येतो आणि जीव हळवा होतो. तेव्हा मात्र मी रोज चरफडत होते.

पोळ्याला बैलाला पट्टा हवा होता. मी म्हटलं, आज एक दिवस घ्या. दादांनी घेतला नाही. वेशीवर सगळे बैल घुंगरं वाजवत गेले आणि आमचा अधू बैल गळ्यात साधी सुतळी आणि झेंडूची माळ घालून गेला. लोकांनी विचारलं तर दादा म्हणाले, "त्याचा दागिना पोरीला दिलाय."

घटस्थापनेच्या सुमाराला डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. मी ऐटीत चालून दाखवलं. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी मला पालथं झोपवून दोन्ही पाय दाबून बघितले आणि विचारलं, "व्यायाम कुठल्या पायाला करतेस?"

मी डावा दाखवला. ते दादांकडे वळले. "मी तुम्हाला उजवा सांगितला होता. बोट लावून सांगितला होता."

"सांगितला हुता," दादा म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "पर अधू जित्राबाला कोन जुंपतं, साहेब? मला वाटलं, चांगला तयार करावा, त्यो दुसऱ्याला वढून नेईल."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, उजव्यावर उभी राहत होती, तेवढा त्यालाही फायदा झालाय, अगदीच वाया गेलं नाही. पण पाय बैल नसतो. विश्रांती दिली की तो आणखी वाळतो. दिवाळीला आता महिना उरला होता.

मला संताप आला होता. माझे दोन महिने गेले होते, आणि जाणूनबुजून गेले होते. एस.टी.त मी दादांपासून लांबच्या बाकावर बसले. कोल्हारला उतरल्यावर घरापर्यंतच्या वाटेवर ते माझ्या मागून चालत होते, माझा पाय बघत. एकदा मी वळून बघितलं तर त्यांनी नजर खाली घातली. तेव्हा माझा राग गेला असं म्हणणार नाही, पण पातळ झाला.

घरी आल्यावर ते पट्टा घेऊन गोठ्यात आले. उजव्या पायाशी बसले, पट्टा धरला आणि तसेच बसून राहिले. त्यांचे हात चालेनात. शेवटी मी म्हटलं, "द्या इकडे," आणि स्वतः बांधला. फाळ एकच ठेवला होता तरी पहिल्या झटक्याला डोळ्यापुढे अंधारी आली. घुंगरं धड वाजेनात. मधूनच एखादं वाजायचं, मग बराच वेळ काही नाही. बाराव्याला मी रडायला लागले. बाहेर दादा उठले आणि नदीकडे चालू लागले. त्यांना ते ऐकवेना.

त्यांच्या जागेवर आई येऊन बसली. ती पाठ करून बसली नाही, समोर बसली, मांडीवर सूप घेऊन. "तेरा," ती म्हणाली. मी म्हटलं, होत नाही. "व्हतंय. तेरा." असं करत पुढचा महिनाभर तिनं तांदूळ निवडत निवडत मला मोजलं. शिलाई मशीनचं नाव पुन्हा काढलं नाही. दादा रोज त्या वेळेला नदीवर जायचे आणि परत आल्यावर आईला विचारायचे, "किती?" आई आकडा सांगायची. ज्या दिवशी तिनं शंभर म्हटलं, त्या दिवशी ते जेवता जेवता एकटेच हसले.

भाऊबीज झाल्यावर आम्ही नगरला गेलो. मेट्रनबाईंनी दोन बादल्या काठोकाठ भरल्या. वॉर्ड केवढा लांब होता. दोन्ही बाजूंच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. मी एका टोकाला आणि दादा दुसऱ्या टोकाला, दारात, टोपी हातात. मी त्यांच्याकडे बघत चालले. शेवटच्या दोन खाटा राहिल्या तेव्हा उजवा पाय थरथरला, थोडं पाणी सांडलं, पण मी कलंडले नाही. मेट्रनबाई फरशी बघून म्हणाल्या, "सांडलंस ते पुसून घे आणि सामान आत आण." दादांनी खिशातला रुमाल काढला आणि मी पोचायच्या आत ते स्वतःच फरशी पुसायला बसले.

पुढे मी तेहेतीस वर्षं नोकरी केली. अधू पायाला व्यायाम द्या म्हटलं की पेशंटचे नातेवाईक हमखास चांगल्या पायालाच द्यायचे. बरोबरच्या नर्स ओरडायच्या. मी तशी तापट, पण त्या एका बाबतीत मी कधी कोणावर ओरडले नाही.

दादांना उतारवयात अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मी रजा काढून गावी गेले. गोठा होता, चाक तुळईलाच होतं, गंजलेलं. मी त्याला तेल दिलं, नवा दोर ओवला. पट्टा आईनं ट्रंकेत ठेवला होता. दादांना खांबाशी उभं केलं, माझ्या भावानं त्यांना मागून धरलं, आणि मी खाली बसून पट्टा बांधायला लागले. बांधून झाला. घुंगरं नीट केली. वर बघितलं तर दादा माझ्याकडे बघत होते. त्यांचं बोलणं जड झालं होतं, शब्द सावकाश यायचे.

"त्यो न्हाई, बाई," ते म्हणाले. "दुसरा."

मी पट्टा उजव्या पायाला बांधला होता. तो मला सोडता येईना. डोळ्यांतल्या पाण्यानं बक्कल दिसत नव्हतं. भावानं विचारलं, काय झालं. मी पदरानं डोळे पुसले. थोड्या वेळानं बक्कल सुटलं, आणि मी पट्टा त्यांच्या डाव्या पायाला बांधला.