देवापुढचा पेढा

ये गं, अशी जवळ सरक. कागदावर बोलतेय म्हणून काय झालं, बोलतेय तर तुझ्याशीच ना? दिवाळीत तू आणलेली बर्फी मी देवापुढे ठेवू दिली नाही, तर सगळ्यांसमोर फिदीफिदी हसलीस. "आजी, देवालापण पथ्य का?" म्हणे. मोठी शहाणी! आधी विचारायचं तरी.

तुझा बाप जळगावला झाला, त्याला आता पन्नासाच्या वर वर्षं झाली. ऐन उन्हाळा, माठातलं पाणीसुद्धा कोमट. तुझ्या आबांनी पेठेतल्या मारवाडी शेठजींकडून पेढे घेतले आणि डबा तसाच धरणगावला थोरल्या बहिणीकडे नेला. आधी आत्याचं तोंड गोड व्हायला हवं ना! माझ्या या नणंदबाईंना मूलबाळ नव्हतं. भाचा व्हावा म्हणून त्यांनीच देवाला साकडं घातलेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाळंतिणीच्या खोलीत, तर रस्त्यावरून भोंग्याचा टांगा गेला. "काल आमच्या दुकानातून नेलेले पेढे कुणी खाऊ नका, परत आणून द्या हो!" आवाज खुद्द शेठजींचा, ओरडून घोगरा झालेला. त्यांच्याच घरची माणसं दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, खव्यात जंतू झालेत, वासाला-चवीला कळायचं नाही.

आबा मिळेल त्या एसटीनं धरणगावला धावले. नशीब, पेढे गावात वाटायचे राहिले होते. नणंदबाईंनी डबा दिला, पण देवापुढे ठेवलेला एक पेढा देईनात.

"देवना प्रसाद उकिरडावर फेकू का मी?"

"मातीत पूर, पण खाऊ नको, अक्का."

"नही खात रे भाऊ! तू जाय, नहीतं एसटी चुकी जाई. आनि तुनी बायकोले सांग, नाव ठेवाना मान आत्याना शे. मी बारसाले येईसन सांगसू, तवलोंग कोनलेच सांगाव नही."

आबांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं, नाव बारशाला येऊनच सांगणार म्हणे, तेव्हा आम्ही हसलो. सुटलो, असं वाटलं.

नणंदबाईंनी तो पेढा खाल्ला. त्यांच्या सासूबाई नंतर रडत सांगायच्या, देवाचा प्रसाद बाधत नाही म्हणाली, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात नेईपर्यंत अंगात काही उरलंच नाही. बारशाच्या आधी गेल्या.

शेठजी आले, पण चपला काढून दारातच उभे. मामंजी म्हणाले, "आत या, शेठ. तुम्ही तर घसा फोडून सांगितलंत." मग हाताला धरून त्यांना ओसरीवर आणून बसवलं.

बारसं पुढे गुपचूप उरकलं. आत्याच्या जागी शेजारीण बसली, नाव आम्हीच सुचवलं. नणंदबाईंच्या मनात कुठलं होतं, ते कुणाला ठाऊक नाही. तुझ्या बापाला हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते. वाटतं, हे त्याचं नाव नव्हेच.

जाऊ दे. पण तू फोनवर "आले की सांगते" म्हणतेस ना, ते मला सोसत नाही गं. काय सांगायचंय ते फोनवरच सांगून टाक, आणि मग ये. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण लवकर ये.