समीरचा पासवर्ड

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगते, अजूनही नाही... म्हणून तर हे लिहितेय. कुणाला उलगडा झाला तर जरूर सांगा, पण मला भुताखेताचे किस्से ऐकवू नका.

२००५ सालची गोष्ट. नाशिकला इंदिरानगरमध्ये आम्ही तिघं राहायचो – मी, हे आणि सासूबाई. धाकटा दीर समीर बंगलोरला नोकरीला. आईंचा जन्म मखमलाबादच्या मळ्यात गेलेला, अक्षराशी गाठ नाही. म्हणून समीरने त्यांच्या नावाने ई-मेल उघडलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. आईंनी नुसतं बटण दाबायचं. नाव, पासवर्ड सगळं आपोआप भरलं जायचं. मग त्याने पाठवलेले आवाज ऐकायचे. "आई, जेवलीस का? गुडघ्याला तेल लाव गं..."

त्या उन्हाळ्यात समीर गेला. मोटरसायकलवर होता, ट्रकने उडवला. लग्न ठरलं होतं हो त्याचं!

आई रोज दुपारी बटण दाबून तेच ते आवाज ऐकत बसायच्या. त्यातच मेल्या लोडशेडिंगने आमची हार्डडिस्क जळाली. नवी बसवली, पण प्रोग्रॅम गेला तो गेलाच, आणि पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक! त्या काळी फुकटचं खातं महिनाभर उघडलं नाही की कंपनी सगळं पुसून टाकायची. म्हणजे समीरचा आवाजही जाणार. ह्यांनी वाढदिवस, गाव, गाडीचा नंबर – सगळं टाकून पाहिलं. पासवर्ड विसरलात का म्हटलं की ते पाळीव प्राण्याचं नाव विचारायचं. आमच्याकडे कधी मांजरसुद्धा नव्हतं!

महिना भरत आला तेव्हा, एका रविवारी दुपारी, आई म्हणाल्या, "सर बाई जरा. मी बघते."

"आई, तुम्हाला एबीसीडी तरी येते का?" मी खेकसलेच.

त्या बसल्या. डोळे मिटले. एक बोट कीबोर्डवर सावकाश फिरलं, थांबलं, दाबलं... पुन्हा फिरलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटत गेले – आणि मेल उघडलं.

 मी हाक मारली तसे हे धावत आले, आधी सगळे आवाज सीडीवर उतरवून घेतले. मग म्हणाले, "आई, काय टाकलंस?"

"मला काय म्हाईत? समीरनं बोट धरलं, नेलं तिकडं गेलं."

"परत टाक. मी लिहून घेतो."

आईंनी बोट ठेवलं. ते जागचं हललंच नाही.

"नाय रे येत आता," म्हणाल्या, आणि हंबरडा फोडून रडल्या.

समीरला टाइप करताना पाहिलं असेल, अशी मी मनाची समजूत घालते. पण ते पोरगं सटासटा दहा बोटांनी टाइप करायचं... नाही पटत. 

आई होत्या तोवर त्यांनी ती सीडी एकदाही लावू दिली नाही. म्हणायच्या, "त्यात आवाज हाय नुसता. माझं बोट धरलं व्हतं त्यानं... ते कुठंय त्याच्यात?"