विषय माझा राहिला होता

विभागप्रमुखांनी आईला बसायला सांगितलं नाही. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी नाही.

आमच्या आधी एक बागायतदार येऊन गेले. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला, माझ्यासारखाच मेकॅनिक्समध्ये नापास. साहेबांनी त्यांना चहा दिला. "होतं असं, पुढच्या वेळी निघेल," म्हणाले.

मग आमच्याकडे वळले. "काय करता?"

"काजू फॅक्टरीत आहे, सोलायला," आई म्हणाली. चिकानं काळी पडलेली बोटं तिनं पदरात घेतली.

"मग हिलाही न्या. डिप्लोमा हिला झेपायचा नाही. कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज इथंच लिहून द्या."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

आई म्हणाली, "चुकला ओ साहेब तिचा. माफी करा."

माफी! कसली? मी चोरी केली होती? विषय राहिला होता. माझा. आणि हात जोडून उभी होती आई.

तिनं पेन उचललं. मी ते काढून घेतलं.

"दाखला नको. मला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायचीय. त्या अर्जावर सही द्या."

"ती बघून तुला काय कळणार?"

"कुठं चुकलं ते."

गावी, पालीला परत जाताना एसटीत आई एवढंच म्हणाली, "कशाला गो त्यांच्या तोंडी लागलीस?" मी रडले नाही. आतून नुसती जळत होते.

छायाप्रत आली. सोळा गुण. आकडेमोड बरीचशी बरोबर, पण विचारलेलं एक, मी सोडवलेलं भलतंच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी. प्रश्नातलं इंग्रजीच कळलं नव्हतं. हे दोन वर्षांत मला एकानंही सांगितलं नाही. ढ मात्र सगळ्यांनी म्हटलं.

पाठांतर सोडलं. प्रत्येक गणित आधी मराठीत स्वतःला समजावायचं, मगच इंग्रजीत लिहायचं. नवीन शब्द वेगळ्या वहीत. पुन्हा परीक्षेला बसले.

पुन्हा नापास. दोन गुणांनी.

"झालं समाधान?" साहेबांनी भर वर्गात विचारलं. वर्ग हसला. पण संध्याकाळी पुन्हा छायाप्रतीचा अर्ज लिहिला.

आता तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय. पास होईन की नाही, ठाऊक नाही. पण आईला मी त्या खोलीत पुन्हा नेणार नाही. बोलायचं असेल तर माझ्याशी बोला. माझी उत्तरपत्रिका समोर ठेवून बोला.